घरं किती, हाच वाद

केबलवाले आणि वाहिन्यांचे मालक यांची भांडणं मराठी घरांनी तीस वर्षं पाहिली आहेत. मालिका चालू असताना पडद्याच्या तळाशी इशाऱ्याची पट्टी फिरायची, दोन्ही बाजूंच्या जाहिराती पेपरात झळकायच्या, वाहिनी जायची आणि काही दिवसांनी परतही यायची. बातमीत कारण ठरलेलं असे: वाहिनीनं दर वाढवले, केबलवाल्यानं नकार दिला. हे कारण खोटं नाही, पण त्यानं या भांडणांचा इतिहास नीट उलगडत नाही. सरकारनं दर गोठवले तेव्हाही वाहिन्या बंद पडत होत्या. एका वाहिनीसाठी केबलवाला मालकाला पैसे देत होता, तर शेजारच्या वाहिनीसाठी मालक केबलवाल्याला पैसे देत होता. नुसत्या दराच्या भांडणात पैसा असा उलट्या दिशेनं वाहत नाही. माझं म्हणणं असं की या धंद्यातला खरा झगडा मोजणीचा होता. तारेच्या टोकाला घरं किती आहेत हे कोणाला ठाऊक आणि ते कोण सांगणार, यावर पैशाची दिशा ठरत गेली.

याचं मूळ केबलच्या जन्मातच आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींमध्ये एका व्हीसीआरवरून तार ओढून घराघरांत चित्रपट दाखवायला सुरुवात झाली. 1991 च्या आखाती युद्धानंतर गच्चीवर डिश आली, त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टारचं प्रक्षेपण सुरू झालं आणि 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही आला. ही तार कोणत्याही सरकारनं किंवा कंपनीनं टाकलेली नव्हती. गल्लीतल्या तरुणांनी ती झाडांवरून, खांबांवरून, गच्चीवरून गच्चीवर स्वतः ओढली होती. पावसात तुटली तर जोडायलाही तेच जात. त्यामुळे कोणत्या चाळीत किती ‘पॉइंट’ आहेत, कोणाचे पैसे थकले आहेत, कुठे एका जोडणीतून दोन घरं चालतात, हे सगळं त्यांच्या वहीत आणि डोक्यात असे. 1995 च्या केबल कायद्यानं नोंदणी सक्तीची केली आणि ती मुख्य टपाल कार्यालयात करायला सांगितलं. पण टपाल कार्यालयाकडे केबलवाले किती याची नोंद झाली, घरं किती याचा हिशेब तिथे कोणी ठेवत नव्हतं. महाराष्ट्रात करमणूक शुल्क दर जोडणीमागे आकारलं जाई, म्हणजे खरा आकडा सांगितला की कर वाढणार. आकडा लपवण्याची सवय लागली ती अशी, आणि वाहिन्यांनी बिल मागायला सुरुवात केल्यावर तीच सवय त्यांच्याशीही कामी आली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून काही वाहिन्यांनी आपला सिग्नल कुलूपबंद केला आणि डीकोडर घेणाऱ्याकडून दर घरामागे पैसे मागायला सुरुवात केली. मधे एमएसओ, म्हणजे मोठे वितरक, उभे राहिले: झीची सिटीकेबल, हिंदुजांची इनकेबल, रहेजांची हॅथवे. मोठ्या शहरांत हे हेडएंड, म्हणजे सिग्नल उतरवून घेणारी केंद्रं, चालवायचे आणि गल्लीतल्या केबलवाल्याला फीड द्यायचे. साखळीतला प्रत्येक दुवा वरच्याला कमी घरं सांगे. धंद्याच्या भाषेत या जाहीर केलेल्या आकड्याला ‘कनेक्टिव्हिटी’ म्हणत, आणि करार व्हायचा तो या आकड्यावर. खरी घरं आणि कराराची घरं यांत कितीतरी पटींचा फरक आहे हे दोन्ही बाजू मान्य करत. नेमका किती पट, यावर मात्र एकमत होणं शक्य नव्हतं. वाहिनीनं सिग्नल तोडण्याचा अर्थ इथे समजून घ्यायला हवा. चित्र गेलं की ग्राहक केबलवाल्याच्या दारात येणार, आणि किती ग्राहक येतात यावरून पुढच्या करारातला आकडा वाढवता येणार. मोजणीची दुसरी सोय नसलेल्या बाजारात चित्र बंद करणं हाच मोजणीचा एक उपाय होऊन बसला होता.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा 2004 चा आहे. जानेवारीत दूरसंचार नियामक ट्रायकडे प्रसारणाचं नियमन आलं आणि त्याच महिन्यात त्यांनी 26 डिसेंबर 2003 रोजी चालू असलेले दर गोठवले: ग्राहकानं केबलवाल्याला, केबलवाल्यानं एमएसओला, एमएसओनं वाहिनीला द्यायचे, सगळेच. भांडण दराचंच असतं तर ते इथे निवायला हवं होतं. झालं उलटं. दर हलेना म्हटल्यावर वाटाघाटीत हलू शकणारी गोष्ट एकच उरली, कनेक्टिव्हिटी, आणि सगळा जोर तिच्यावर आला. डिसेंबर 2004 च्या आंतरजोडणी नियमांनी वाहिन्यांना मागेल त्या वितरकाला भेदभाव न करता सिग्नल देणं बंधनकारक केलं आणि पूर्वसूचनेशिवाय तो तोडायला मनाई केली. या नियमानं ग्राहकाचं खरोखर भलं झालं. पण संख्येच्या प्रश्नाला त्यानं हात घातला नाही. 2006 च्या दुरुस्तीत ग्राहकसंख्या परस्पर वाटाघाटीनं ठरावी, केबलवाल्याच्या जोडण्यांच्या यादीचा, म्हणजे लाईन रिपोर्टचा, आधार घ्यावा असं आलं. घरांची संख्या ही वास्तविक मोजून सांगायची गोष्ट. ती वाटाघाटीनं ठरवायला कायद्यानंच मुभा दिली होती. देशभरच्या प्रेक्षकांना पुढची कित्येक वर्षं ज्या खोळंब्याला तोंड द्यावं लागलं त्याची मुळं मला या मुभेत दिसतात.

आता पैशाच्या उलट्या प्रवाहाकडे, म्हणजे दिसण्यासाठी वाहिनीनं केबलवाल्याला द्यायच्या कॅरेज फीकडे वळू. जुन्या ॲनालॉग केबलमधून मोजक्याच वाहिन्या चांगल्या दिसत. घराघरांतल्या जुन्या संचांवर वरच्या बँडमधल्या वाहिन्या धूसर दिसत किंवा लागतच नसत. नव्या वाहिन्यांची गर्दी झाली तशी खालच्या, स्पष्ट दिसणाऱ्या बँडमधली जागा विकत मिळू लागली; तिला प्लेसमेंट म्हणत. 2007-08 मध्ये मराठीत स्टार माझा, झी 24 तास, आयबीएन लोकमत आणि स्टार प्रवाह एकापाठोपाठ एक आल्या. त्या काळात वाहिनी सुरू करताना कार्यक्रमांच्या खर्चाइतकाच हा जागेचा खर्चही धरावा लागे. मोठ्या समूहाला तो पेलायचा. एखाद्याच भाषेत, एकट्यानं वाहिनी चालवणाऱ्याला तो जीवघेणा होता, आणि मराठीत अशा वाहिन्यांचे मालक वारंवार का बदलले याच्या कारणांत हा खर्च धरावाच लागेल.

इथे पहिला आक्षेप येतो: कॅरेज फी ही सरळ टंचाईची किंमत, तिचा मोजणीशी काय संबंध? टंचाई होती हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जागा सगळीकडे सारख्याच टंचाईची असताना पैसे मात्र सगळीकडे सारखे मिळत नव्हते. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या टॅम या संस्थेचे मीटर ज्या शहरांत बसलेले होते तिथल्या हेडएंडला अधिक पैसे मिळत, कारण त्या शहरातली घरं जाहिरातदारांच्या तक्त्यात दिसत. मीटर नसलेल्या गावातल्या प्रेक्षकासाठी वाहिनी हात आखडता घेई. म्हणजे टंचाईचा भावसुद्धा कोण मोजलं जातं यावर ठरत होता. 2012 पासून डिजिटल प्रक्षेपण आलं, जागा शेकडो वाहिन्यांची झाली, तरी कॅरेज फी संपली नाही. टंचाई गेल्यावरही भाव टिकतो तेव्हा कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

मोजणीचं साधन त्याच्या खूप आधीपासून उपलब्ध होतं, हा या इतिहासातला सर्वांत खटकणारा भाग आहे. सेट टॉप बॉक्स म्हणजेच मोजणी; प्रत्येक घराला एक क्रमांक. 2002 मध्ये संसदेनं त्यासाठी केबल कायद्यात कॅसची, म्हणजे पैसे भरणाऱ्याच्याच बॉक्सवर पे वाहिनी उघडणाऱ्या पद्धतीची, दुरुस्ती केली. 2003 मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चारही महानगरांत ते यायचं होतं. प्रत्यक्षात एकट्या चेन्नईत आलं. मुंबईत ते दक्षिण भागापुरतं, तेही न्यायालयाच्या आदेशानंतर, 31 डिसेंबर 2006 ला लागू झालं. पे वाहिनीला महिना 5 रुपयांची कमाल मर्यादा होती आणि त्यातले 45 टक्के वाहिनीला, 30 एमएसओला, 25 केबलवाल्याला अशी वाटणी ठरली. केबलवाले या मोजणीला घाबरणार हे उघड होतं. पण कमी आकडा सांगितला जातो म्हणून वर्षानुवर्षं तक्रार करणाऱ्या मोठ्या वाहिन्यांनाही कॅसचा उत्साह नव्हता. निवडीचा अधिकार मिळाला तर कित्येक घरं त्यांची वाहिनी घेणारच नाहीत, आणि ‘सगळीकडे दिसतो’ म्हणून जाहिरातदाराकडून घेतलेला भाव घसरेल, ही भीती होती. दोन्ही बाजूंना अंधाराची थोडी थोडी गरज होती. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर सुधारणेला दहा वर्षं का लागली हे कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बॉक्स आले, मोजणी झाली, मग भांडणं का थांबली नाहीत? अमेरिकेत तर घरांची संख्या पूर्वीपासून माहीत असते. तरीही 1992 च्या कायद्यानं स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणाच्या परवानगीसाठी पैसे मागण्याचा हक्क दिल्यापासून तिथेही वाहिन्या बंद पडतात. हे खरं आहे, आणि माझा दावा भांडणं संपतील असा नाही. मोजणी झाली की भांडणाची जात बदलते, इतकाच आहे. भारतात हा बदल पायरीपायरीनं दिसतो. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 ला आणि पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, औरंगाबादसारख्या शहरांत 31 मार्च 2013 ला ॲनालॉग बंद करण्याची मुदत होती. पण बॉक्स लागल्यावरही दोन्ही बाजू ठोक रकमेचेच करार करत राहिल्या, म्हणजे आकडा असूनही तो वापरत नव्हत्या. नोव्हेंबर 2014 मध्ये स्टारनं ठोक करार सोडून छापील दरपत्रकाचा आग्रह धरला, तेव्हा घरांची खरी संख्या पैशाला जोडली गेली, आणि काही काळ मोठ्या केबल कंपन्यांच्या पॅकमधून त्या वाहिन्या बाहेर पडल्या. डिसेंबर 2015 मध्ये दूरसंचार लवाद टीडीसॅटनं आतल्या आत होणाऱ्या सौद्यांना आळा घातला. फेब्रुवारी 2023 मध्ये स्टार, झी आणि सोनीनं नव्या दरांचे करार न केलेल्या केबल कंपन्यांचे सिग्नल तोडले. कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार साडेचार कोटी घरांना झळ बसली. हे मात्र निखळ दराचं भांडण होतं, आणि आठवडाभराच्या आत मिटलं. संख्या वादात नव्हती, किंमत छापलेली होती, ताणायला फारसं काही उरलं नव्हतं.

या सगळ्यात प्रेक्षक कुठे होता? 9 फेब्रुवारी 1995 रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. पी. बी. सावंत यांनी प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला आणि प्रेक्षकाचा माहितीचा हक्क घटनेच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसवला. मराठी माणसानं अभिमान बाळगावा असा तो निकाल आहे. पण केबलच्या करारांवर दोनच सह्या असत, आणि ज्याला मोजण्यावरून हे सगळं चाललं होतं त्याला तोंड नव्हतं. 3 मार्च 2017 च्या ट्रायच्या नियमांनी ही उणीव बरीच भरून काढली. स्टारनं मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं, 30 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं नियम कायम केले आणि 1 फेब्रुवारी 2019 पासून प्रत्येक वाहिनीची किंमत ग्राहकाला दिसू लागली. बिलं वाढली म्हणून या नियमांवर टीका झाली आणि अनेक घरांपुरती ती रास्त होती. तरी त्यातला मोजणीचा भाग मला मोलाचा वाटतो. ग्राहकसंख्या दर महिन्याच्या 7, 14, 21 आणि 28 तारखेला, संध्याकाळी 7 ते रात्री 11 च्या दरम्यान नोंदवायची आणि चारही नोंदींची सरासरी धरायची. वितरकाच्या यंत्रणेचं दरवर्षी लेखापरीक्षण. मूळ नियमांत कॅरेज फीला साध्या वाहिनीसाठी दर घरामागे महिना 20 पैशांची मर्यादा होती, आणि वाहिनी जितक्या अधिक घरांनी घेतलेली तितकी फी कमी. एक पंचमांश घरांनी घेतली की फी शून्य. कॅरेज फी शेवटी ज्या सूत्रानं आवरली गेली ते सूत्र घरांच्या मोजणीचंच होतं.

मोजणी नसेल तिथे काय होतं, हे आजही पाहायला मिळतं. दूरदर्शनची फुकट डिश डिसेंबर 2004 पासून चालू आहे. एकदा डिश आणि बॉक्स विकत घेतला की महिन्याचं बिल नाही. त्यामुळे कोणत्या घरात ती चालू आहे याची नोंदही नाही. घरांचे आकडे दिले जातात ते अंदाजाचे, सर्वेक्षणावरून काढलेले. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ती पत्र्यांवर, कौलांवर दिसते. आणि इथे पैसा पुन्हा त्याच जुन्या दिशेनं वाहतो: वाहिन्या लिलावात बोली लावून दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला जागेचे पैसे मोजतात, वर्षाला कोटींमध्ये. 2019 मध्ये मोठ्या समूहांनी आपल्या फुकट वाहिन्या तिथून काढून घेतल्या, आणि पुढच्याच वर्षी त्या परत आल्या.