पदकाच्या काठावरील नाव



आमच्या घरी पणजोबांचे पहिल्या महायुद्धातील एक रौप्यपदक आहे. बालपणी आम्ही त्यावरील राजाची मुद्राच तेवढी पाहत असू. पुढे कळले की, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ही पदकाच्या काठावर कोरलेली असतात. तेथे ‘११७ मराठा’ असे वाचावयास मिळाले.

या अंकाची पलटण आज शोधू जाता सापडत नाही. कारण १९२२ च्या पुनर्रचनेत तिचे नाव व अंक दोन्ही पालटले. महायुद्धात ती मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकली होती. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला तो वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपत आले, घोडी मारावी लागली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यांपैकी हजारो कैदेतच मरण पावले.

पणजोबा परतले नाहीत. म्हणून गावच्या चर्चच्या मृत्यूनोंदवहीत त्यांचे नाव नाही. १९२९ साली बसरा येथे उभारलेल्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, शिपायांची मात्र केवळ संख्या. या भेदभावाबद्दल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये क्षमा मागितली.

ज्यांच्या घरी असे पदक असेल, त्यांनी त्याचा काठ अवश्य वाचावा व ते नाव मजकडे आणून द्यावे. २ नोव्हेंबरच्या मिस्सेत, दगडावर न कोरलेली ती नावे आपण वेदीपुढे उच्चारू.