पार्किन्सन्समधील बोधक्षीणता : औषधोपचार

पार्किन्सन्स म्हटले की थरथरणारा हात आठवतो. पण आजार जुना झाला की अनेकांची विचारशक्तीही मंदावते : हिशेब चुकतो, लक्ष टिकत नाही, नसलेली माणसे दिसू लागतात. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत पार्किन्सन्सवर दिले जाणारे लेव्होडोपा असते. 1937 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ते त्यांतून वेगळे केले. त्याने हालचाल सुधारते, स्मृती मात्र परत येत नाही. ही बी औषध म्हणून घरी चूर्ण करून देऊ नये, कारण मात्रेचा अंदाज लागत नाही.

बुद्धीसाठी मुख्य औषध रिव्हास्टिग्मीन. ते मेंदूतील ॲसिटिलकोलीन हे रसायन टिकवते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 541 रुग्णांच्या चाचणीत 24 आठवड्यांनी लक्षात येण्याजोगी सुधारणा हे औषध घेणाऱ्या सुमारे 20 टक्क्यांत दिसली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत 14.5 टक्क्यांत. फरक लहान आहे, आणि कुटुंबाला तो आधीच सांगायला हवा. मळमळ, उलटी होते, कंपही वाढू शकतो. म्हणून कमी मात्रेपासून सुरुवात करून गोळी जेवणासोबत देतात. त्वचेवरच्या पट्टीने पोटाचा त्रास कमी होतो. डोनेपेझिलही वापरतात.

कित्येकदा नवे औषध देण्यापेक्षा जुने थांबवणे अधिक उपयोगी ठरते. कंपासाठीचे ट्रायहेक्सिफेनिडिल वृद्धांचा गोंधळ वाढवते. भासांवर हॅलोपेरिडॉल दिल्यास शरीर आखडते. तेथे क्वेटियापिन किंवा रक्ततपासणी करत क्लोझापिन वापरतात. कोणतीही गोळी डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करू नये.

औषधांच्या जोडीला आधार म्हणून पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व शुभचिंतकांना एकत्र आणते.