‘कजरा’ गाजला, पण काम मिळाले नाही

१९६८ साली मनमोहन देसाई यांचा ‘किस्मत’ नावाचा चित्रपट आला. नायक विश्वजित, नायिका बबिता, संगीत ओ. पी. नय्यर यांचे. चित्रपटाची कथा आज फारशी कुणाला आठवत नाही, पण त्यातले ‘कजरा मोहब्बतवाला’ हे गाणे माहीत नाही असा माणूस शोधावा लागेल. आमच्या घाटनांदूरसारख्या गावातही लग्नाच्या आदल्या रात्री ढोलक निघाली की बायका हे गाणे घेतात. बँडवाले वाजवतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुली त्यावर नाचतात. शमसुल हुदा बिहारी यांनी, म्हणजे आपण ज्यांना एस. एच. बिहारी म्हणून ओळखतो त्यांनी, ते लिहिले आहे.

गाण्यात आवाज दोन. एक आशा भोसले यांचा, दुसरा शमशाद बेगम यांचा. पडद्यावर मात्र दोन बायका नाहीत. विश्वजित बाईच्या वेशात आहे आणि त्याच्यासोबत बबिता आहे. बबितासाठी आशाबाई गातात आणि बाईचे सोंग घेतलेल्या पुरुषासाठी शमशाद बेगम. तेव्हा शमशाद बेगम यांचे वय ४९ होते. ज्या गायिकेने एकेकाळी मोठमोठ्या नायिकांना आवाज दिला, तिचे शेवटचे मोठे गाणे एका सोंगासाठी होते. ते प्रचंड गाजले. पण त्या यशानंतर त्यांच्याकडे कामाची रांग लागली नाही. थोड्याच काळात त्या चित्रपटसंगीतातून जवळपास बाहेर पडल्या.

गाणे गाजते आणि गाणारीला काम मिळत नाही, असे का व्हावे? याचे उत्तर शोधताना हिंदी चित्रपटसंगीताचा बराच इतिहास हाती लागतो, आणि आपल्या समाजाचाही थोडा.

शमशाद बेगम यांचा जन्म १४ एप्रिल १९१९ चा. त्या लाहोरच्या. घर पारंपरिक मुस्लिम, गाण्याचा पेशा घरात नव्हता. गळा मात्र उपजत होता. संगीतकार मास्टर गुलाम हैदर यांनी तो ओळखला आणि विशीही न गाठलेल्या या मुलीच्या रेकॉर्डी निघू लागल्या. वडिलांनी परवानगी दिली, पण अट घालून. बुरखा घालून जायचे आणि फोटो काढू द्यायचा नाही. शमशाद बेगम यांनी ही अट पाळली. १९३७ नंतर त्या रेडिओवर गाऊ लागल्या आणि पंजाबभर त्यांचा आवाज घरोघर गेला. चेहरा कुणालाच माहीत नव्हता.

१९४१ साली लाहोरच्या ‘खजांची’ने देशभर धुमाकूळ घातला. संगीत गुलाम हैदर यांचेच. त्यात सायकलवर निघालेल्या मुलींचे एक गाणे आहे आणि त्यात शमशाद बेगम यांचा आवाज आहे. पडद्यावर मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवणारी मुलगी आणि तिला आवाज देणारी तरुणी स्टुडिओत बुरख्यात येणारी! पण या विसंगतीला हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हीच परदानशीन मुलगी पंधराव्या वर्षाच्या आसपास गणपतलाल बट्टो नावाच्या हिंदू वकिलाशी लग्न करून मोकळी झाली होती. दोन्हीकडचा विरोध तिने पचवला. बुरखा घालणारी म्हणजे दबलेली, असे सरळ समीकरण मांडणाऱ्यांना शमशाद बेगम अडचणीत आणतात. आणि बुरख्यात राहून सगळे साधता येते असे म्हणणाऱ्यांनाही त्या अडचणीत आणतात. ते कसे, ते पुढे येईलच.

१९४४ च्या सुमारास त्या मुंबईला आल्या. पुढची सहा-सात वर्षे त्यांची होती. नौशाद यांचा ‘मेला’, राज कपूर यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘आग’, या दोन्हींत १९४८ साली त्यांचा आवाज आहे. आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘पतंगा’ (१९४९) मध्ये त्यांच्याकडून गाऊन घेतलेली गाणी आजही ऐकली जातात. ‘पतंगा’मधले रंगूनच्या टेलिफोनचे गाणे तर सी. रामचंद्र स्वतः त्यांच्यासोबत गायले आहेत. एका मराठी माणसाने आणि एका पंजाबी बाईने मिळून उभ्या हिंदुस्थानला हसवले होते.

तो आवाज कसा होता? मोकळा, भरलेला, खणखणीत. नय्यरसाहेब त्याला देवळातल्या घंटेची उपमा देत. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या प्रार्थनागीतांतून आणि त्यांच्या दुःखाच्या गाण्यांतून ‘सोल’ नावाचा गायनप्रकार तयार झाला. त्यात गळा राखून गात नाहीत, सगळा जीव आवाजात ओततात. आपल्याकडे कव्वालाचा गळा तसा असतो, जात्यावरच्या बाईचा तसा असतो. शमशाद बेगम यांचा आवाज याच भावकीतला.

१९४९ साल मात्र सगळे उलटेपालटे करून गेले. ‘महल’, ‘बरसात’, ‘अंदाज’ एकाच वर्षी आले आणि लता मंगेशकर यांचा काळ सुरू झाला. जोहराबाई अंबालेवाली, अमीरबाई कर्नाटकी अशा भारदस्त आवाजांच्या गायिका बघता बघता मागे पडल्या. नूरजहाँ आणि खुर्शीद फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या होत्या. शमशाद बेगम मुंबईतच राहिल्या.

इथे आपल्याकडच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘मुसलमान होत्या ना, म्हणून बाजूला सारलं.’ ऐकायला हे सोपे वाटते, पण इतिहास त्याला दुजोरा देत नाही. शमशाद बेगम यांना शोधणारे गुलाम हैदर हेच १९४८ साली ‘मजबूर’मध्ये लताबाईंच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले. ‘अंदाज’मध्ये लताबाईंना मोठी गाणी देणारे नौशाद होते. याउलट शमशाद बेगम यांना शेवटपर्यंत आठवणीने बोलावणारे ओ. पी. नय्यर लाहोरचे पंजाबी हिंदू. शिवाय त्या काळात मोहम्मद रफी आणि तलत महमूद शिखरावर होते. प्रत्येक अपयशाला धर्माचे कारण चिकटवले की खरे कारण शोधायचे राहून जाते. आज अन्याय होत नाही असे मी म्हणत नाही. पण जिथे तो नव्हता तिथे दाखवला, तर जिथे आहे तिथे आपल्यावर कोण विश्वास ठेवील?

खरी कारणे दोन दिसतात. पहिले यंत्राचे. ध्वनिमुद्रण सुधारत गेले तसा हळुवार, बारीक आवाजही मायक्रोफोन नेमका टिपू लागला. मैफलीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा गळा ही आता गरज राहिली नाही. दुसरे कारण नायिकेचे. स्वातंत्र्यानंतरच्या पडद्यावर जी नायिका आली ती सुशिक्षित, सोज्वळ, लाजरी. तिच्यासाठी कोवळा, उंच पट्टीतला आवाज शोभतो असे ठरून गेले. भरलेल्या आवाजाची बाई म्हणजे खेळलेली, धीट, प्रसंगी वाईट चालीची. बाईने मोठ्याने बोलू नये, हा आपला घरगुती नियमच जणू संगीताने उचलला.

हे ठरत गेले कसे, ते गाण्यांवरूनच पाहता येते. ‘सी.आय.डी.’ (१९५६) ची नायिका शकीला; त्यातले शमशाद बेगम यांचे नजरेच्या निशाण्याचे गाणे मिळाले खलनायकाच्या बाजूच्या वहिदा रहमानला. ‘नया दौर’ (१९५७) मध्ये दोन नर्तकींपैकी एक पुरुषवेशात आहे, आणि तिथेही आशाबाईंच्या जोडीला शमशाद बेगम यांचा आवाज घेतला. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मधली कव्वाली तर धड्यासारखी आहे. अनारकली झालेल्या मधुबालाला लताबाईंचा आवाज आणि तिच्यावर जळणाऱ्या बहारला, म्हणजे निगार सुलतानाला, शमशाद बेगम यांचा. त्या कव्वालीत बहारला फूल मिळते आणि अनारकलीला काटे, पण सहानुभूती मात्र काट्यांच्या वाट्याला जाते. आवाजांची वाटणीही तशीच झालेली होती.

अपवाद होते. १९५५ मध्ये पती अपघातात गेल्यावर शमशाद बेगम यांनी गाणे थांबवले होते. त्यानंतर मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’त (१९५७) नौशाद यांनी त्यांच्याकडून नवरीच्या पाठवणीचे गाणे गाऊन घेतले. मातीच्या गोष्टीला मातीतला गळा लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

आता ‘कजरा’कडे परत येऊ. नायक बाईच्या वेशात आहे, म्हणजे आवाज बाईचाच हवा, पण नेहमीच्या नायिकेचा चालणार नाही. आशाबाईंसमोर उभा राहील आणि वेगळाही ओळखू येईल असा भरदार आवाज हवा. अशा जागी नय्यर यांना शमशाद बेगम आठवल्या, यात त्यांचा आदर आहे आणि व्यवहारही. पण चित्रपटसृष्टीचा हिशेबही त्यातून कळतो. वाट्याला येत येत त्या आवाजाच्या वाट्याला शेवटी आले ते सोंग.

ऐकणाऱ्याने मात्र हा हिशेब मानला नाही. रेडिओवर विश्वजित दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता. ढोलकीच्या ठेक्यावर शमशाद बेगम सुरुवातीचे शब्द असे फेकतात की हातातले काम थांबावे. पन्नाशीला आलेल्या त्या गळ्यात ना थकवा, ना कुणाकडे काही मागणे. विनोद म्हणून रचलेल्या प्रसंगातून लोकांनी विनोद बाजूला काढला आणि गाणे घरी नेले. आज त्यावर नाचणाऱ्या मुलींना तो प्रसंग माहीतही नाही.

मग काम का मिळाले नाही? कारण गाणे शमशाद बेगम यांचे नव्हतेच, ते ‘किस्मत’चे होते. अमेरिकेच्या टीना टर्नर यांचे उदाहरण घ्या. सोल गाणाऱ्या या बाईने नवऱ्याचा जाच सोसला, १९७६ मध्ये त्याला सोडले आणि पुढची काही वर्षे अडगळीत काढली. १९८४ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांची एक रेकॉर्ड तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार घेऊन आली. त्यानंतर त्या जगभर स्टेडियम भरवत राहिल्या. तिथे रेकॉर्ड गाणाऱ्याच्या नावाने निघते, लोक तिला बघायला तिकीट काढतात. आपल्याकडे रेकॉर्डवर आधी चित्रपटाचे नाव, गाणे निर्मात्याचे आणि कंपनीचे, गाणाऱ्याला एकदा ठरलेले पैसे. रॉयल्टीच्या प्रश्नावर लताबाई आणि रफीसाहेब यांच्यात साठच्या दशकात काही वर्षे अबोला होता, तो याच कारणाने. गायकांच्या रॉयल्टीचा हक्क स्पष्टपणे कायद्यात आला तो २०१२ च्या दुरुस्तीने. शमशाद बेगम यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी! तोवर त्यांच्या जुन्या गाण्यांची रीमिक्स निघाली, गाजली, जुनी झाली.

आणि चेहरा? वडिलांच्या अटीमुळे त्या सत्तरच्या दशकापर्यंत कॅमेऱ्यापासून दूर राहिल्या. त्याची किंमत उतारवयात मोजावी लागली. १९९८ मध्ये सायरा बानो यांच्या आजी वारल्या. त्यांचेही नाव शमशाद बेगम. लोकांनी गायिकाच गेली असे धरले आणि पुढे २००४ च्या सुमारास वर्तमानपत्रांत यावर वाद झाला. त्या वेळी खऱ्या शमशाद बेगम मुंबईत मुलीकडे पवईला राहत होत्या, हयात, स्वतःच्या मृत्यूची चर्चा ऐकत. चेहरा ओळखणारे लोक असते, तर हे इतके सहज घडले नसते. परद्याने त्यांचे गाणे अडवले नाही हे खरे. पण गाणाऱ्या बाईला लोकांच्या आठवणीतून पुसायला त्याने मदत केली, हेही तितकेच खरे.

२००९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तेव्हा राष्ट्रपतिपदी आपल्या प्रतिभाताई पाटील होत्या. २३ एप्रिल २०१३ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी शमशाद बेगम गेल्या.

मी शाळेत शिकवतो. आमच्या भागात पाचवी-सहावीत खणखणीत आवाजात नात म्हणणाऱ्या, कविता गाणाऱ्या मुली मला दरवर्षी भेटतात. आठवी-नववीत त्यांचा आवाज बारीक होतो. गळ्यामुळे नाही, घरातून आलेल्या सूचनेमुळे. ‘हळू बोल’, ‘आता मोठी झालीस’. सगळ्यांनी गायिका व्हावे असे माझे म्हणणे नाही. पण १९३० च्या दशकात लाहोरच्या एका बापाने, अट घालून का होईना, मुलीला स्टुडिओच्या दारापर्यंत जाऊ दिले. नव्वद वर्षांनंतर आपण त्याच्या एक पाऊल पुढे असायला हवे, मागे नव्हे. मुलीचा आवाज तर राहू द्यावाच, त्यासोबत तिचे नाव, तिचा चेहरा आणि तिच्या कष्टाचे पैसेही तिचेच राहू द्यावेत.

पुढच्या लग्नात ढोलकीवर ‘कजरा’ सुरू झाला, तर शेजारी बसलेल्या मुलीला एवढे जरूर सांगा, की हे गाणाऱ्या बाईचे नाव शमशाद बेगम.