दुकानाची ऑनलाइन किल्ली आपल्याच हातात हवी: धाराशिवच्या छोट्या व्यावसायिकांसाठी जाहिरात आणि सुरक्षेची साधने

धाराशिव जिल्ह्यात आता दुकान छोटे असो की मोठे, काउंटरवर क्यूआर कोड आणि मालकाच्या खिशात व्हॉट्सॲप असतेच. परंड्याचा शेळ्यांचा व्यापारी बकरी ईदच्या आधी जनावरांचे व्हिडिओ मोबाईलवरच पाठवतो. उमरग्याची बेकरी, नळदुर्गचे गॅरेज, धाराशिव शहरातला टेलर, घरातून बुरखे शिवणारी किंवा बिर्याणीच्या ऑर्डर घेणारी आपा, सगळ्यांचे निम्मे गिऱ्हाईक फोनवरून येते.

पण त्याच फोनवर घरचा ग्रुप असतो, बँकेचा ओटीपी येतो, मुले गेम खेळतात आणि उधारीची वहीसुद्धा त्यातच असते. हा फोन किंवा नंबर दुसऱ्याच्या ताब्यात गेला, तर एका दुपारी दुकान, बँक खाते आणि वर्षानुवर्षे कमावलेला भरवसा, तिन्हींना धक्का बसतो. म्हणून जाहिरात आज करू, सुरक्षेचे नंतर बघू, असे म्हणून चालत नाही. कोणतेही साधन निवडताना पहिला प्रश्न हाच: त्याची किल्ली कोणाकडे राहणार?

साधन घेण्याआधी चार प्रश्न

१. खाते कोणाच्या नावावर आणि कोणाच्या नंबरवर उघडणार? "मी सगळं करून देतो" म्हणणारा मुलगा कितीही ओळखीचा असला, तरी खाते आपल्याच ईमेलवर आणि आपल्याच नंबरवर हवे. त्याला कामापुरती परवानगी द्यावी, मालकी नाही.

२. उद्या हे साधन बंद केले, तर गिऱ्हाइकांची यादी, फोटो आणि हिशेब आपल्याकडे राहतील का?

३. पैसे कसे कापले जाणार? पहिला महिना फुकट आणि पुढे आपोआप कपात, असे असेल तर ऑटो-पे कुठून बंद करायचे ते आधी पाहून घ्यावे.

४. पासवर्ड विसरला किंवा फोन हरवला, तर खाते परत कसे मिळवायचे?

या चारपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर ते साधन स्वस्त असूनही महाग पडते.

पहिले साधन: व्हॉट्सॲप बिझनेस

जिल्ह्यातल्या बहुतेक छोट्या धंद्यांना सुरुवातीला एवढे पुरते. ॲप मोफत आहे. त्यात दुकानाचा पत्ता, वेळ, मालाचा कॅटलॉग, ठरलेली उत्तरे आणि गिऱ्हाइकांना लेबल लावण्याची सोय मिळते. "नवीन ऑर्डर", "पैसे बाकी" अशी लेबले लावली तर अर्धी वही आपोआप तयार होते.

धंद्यासाठी वेगळा नंबर ठेवावा. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेस ॲपवर एकाच वेळी चालत नाही. नवे सिम नको असेल, तर दुकानाच्या लँडलाइनवरही बिझनेस खाते उघडता येते. कोड फोन कॉलवर सांगितला जातो. वेगळे सिम घेतलेच, तर त्याचे रिचार्ज चुकवू नये. बरेच दिवस बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणून बिल देताना "आमचा नंबर सेव्ह करा" एवढे सांगणे हीच मोठी जाहिरात. हजारो नंबरांची यादी विकणारे आणि एका क्लिकवर सगळ्यांना मेसेज पाठवणारे सॉफ्टवेअर विकणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. लोकांनी तक्रार केली की व्हॉट्सॲप नंबरच बंद करते, आणि त्याबरोबर जुने गिऱ्हाईकही जाते.

दुसरे साधन: गुगल मॅपवर दुकान

गुगल बिझनेस प्रोफाइलसुद्धा मोफत आहे. तुळजापूरला आलेला परगावचा माणूस किंवा महामार्गावर गाडी बंद पडलेला ड्रायव्हर आपल्याला ओळखत नाही. तो मॅपवर जवळचे दुकान शोधतो. तिथे खरा पत्ता, चालू फोन नंबर, दुकानाचे आजचे फोटो आणि खऱ्या वेळा टाकाव्यात. दिवसाच्या वेळा दोन तुकड्यांत लिहिता येतात, त्यामुळे जुम्म्याच्या नमाजसाठी दुकान बंद असते तेवढा वेळ वगळता येतो. रमजानमध्ये बदललेल्या वेळा आणि ईदची सुट्टी "विशेष वेळा" या भागात टाकावी. बंद दुकानासमोर आलेला माणूस पुन्हा फिरकत नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी एक खास गोष्ट. २०२३ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. तरी पुण्या-मुंबईतले लोक अजून "उस्मानाबाद" असेही शोधतात, आणि आपल्या शेळीची जात तर उस्मानाबादी याच नावाने ओळखली जाते. म्हणून दुकानाच्या वर्णनात आणि इन्स्टाग्रामच्या ओळखीत दोन्ही नावे लिहावीत. दुकानाच्या नावात मात्र जास्तीचे शब्द कोंबू नयेत. गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि प्रोफाइल अडकू शकते.

"तुमचे गुगल लिस्टिंग बंद होणार आहे, इतके पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्यावा. प्रोफाइल चालू ठेवायला गुगल पैसे घेत नाही. प्रोफाइलचे मुख्य मालक आपण स्वतः राहावे, मदतनीसाला "मॅनेजर" करावे.

पैसे देऊन जाहिरात कधी?

फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात वाईट नाही, पण ती हिशेबाने करावी. उदाहरण घ्या. ५०० रुपये खर्च केले, २० जणांनी विचारले, तिघांनी माल घेतला आणि प्रत्येकामागे १०० रुपये सुटले. म्हणजे मिळाले ३०० आणि गेले ५००. लाईक कितीही आले तरी हा तोटाच. तेच तिघे ईदनंतर पुन्हा येणार असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" असे विचारून वहीत एक खूण करावी.

जाहिरात लावताना भाग मर्यादित ठेवावा. कळंबच्या टेलरची जाहिरात नागपूरला दिसून उपयोग नाही. एकूण रक्कम आणि शेवटची तारीख आधीच ठरवावी. मुख्य खात्याचे कार्ड जोडण्यापेक्षा लागतील तेवढेच पैसे आधी भरावेत.

वेबसाइटची घाई नको. माल कुरिअरने बाहेर जाऊ लागला, की मग विचार करावा. तेव्हा वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, आपल्या नावावर आणि आपल्या ईमेलवर नोंदवावे. बनवणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतले, तर पुढे भांडण झाल्यावर नाव त्याच्याकडेच राहते. ऑनलाइन बाजारपेठेवर विकायचे असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीची गरज नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही राज्याच्या आत माल विकता येतो. त्यासाठी पॅन आणि जीएसटी पोर्टलवरून मिळणारा एनरोलमेंट क्रमांक लागतो. उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर मोफत आहे. फी मागणारी वेबसाइट दिसली, तर ती सरकारी नाही हे ओळखावे.

कुलुपे: यातली बहुतेक फुकट आहेत

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "टू-स्टेप व्हेरिफिकेशन" सुरू करून सहा आकडी पिन ठेवावा आणि ईमेलही जोडावा. ओटीपी चुकून कोणाला कळला तरी पिनशिवाय नंबर दुसऱ्या फोनवर सुरू होत नाही. आठवड्यातून एकदा "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, हे पाहावे.

दुसरे कुलूप ईमेलचे. गुगल, फेसबुक, डोमेन यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलले जातात, म्हणून ईमेल ही सगळ्या किल्ल्यांची पेटी आहे. तिला टू-स्टेप लावावे. मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवावेत. फोन हरवला की हाच कागद कामाला येतो.

प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवावा. लक्षात राहत नसेल तर फोनमधला पासवर्ड मॅनेजर वापरावा. बिटवॉर्डनसारखे ॲपही मोफत मिळते. कामगार काम सोडून गेला, की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा आणि त्याची परवानगी काढावी.

आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसते. हरवलेला हँडसेटही तिथून बंद करता येतो.

बिलिंगसाठी संगणक असेल तर विंडोज पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. शक्य असेल तर विंडोज ११ वर जावे. नाही तर त्या संगणकावर बँकेचे काम करू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्याला आळा घालणारे अपडेट दोन महिने आधीच आलेले होते. ज्यांनी ते टाकले नव्हते तेच प्रामुख्याने अडकले. विंडोजमधला डिफेंडर चालू आणि अपडेट असेल, तर छोट्या दुकानाला तो बहुधा पुरतो. मराठी किंवा हिंदीत फोनवर मदत हवी असेल, तर पुण्याच्या क्विक हीलसारखे पैसे देऊन घ्यायचे अँटिव्हायरस आहेत. मात्र चोरीचे, क्रॅक केलेले सॉफ्टवेअर टाकले तर कोणतेही अँटिव्हायरस वाचवेल याची खात्री नाही. हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि पेनड्राइव्ह काढून घरी ठेवावा. संगणकाला लावून ठेवलेली प्रत संगणकाबरोबरच जाते.

फसवणुकीचे ओळखीचे प्रकार

मोठी ऑर्डर, जवानाचे नाव: "मी लष्करात आहे, शंभर प्लेट बिर्याणी हवी" किंवा "दहा बकरे घेतो" असा फोन येतो आणि ॲडव्हान्ससाठी क्यूआर कोड पाठवला जातो. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

लग्नपत्रिका किंवा चलनाची फाइल: व्हॉट्सॲपवर "एपीके" फाइल येते. ती उघडली की फोनमधले मेसेज दुसऱ्याकडे जाऊ लागतात. दावतनामा फोटो किंवा पीडीएफमध्ये येतो. त्यासाठी ॲप टाकावे लागत नाही.

खोटा स्क्रीनशॉट: माल देताना स्क्रीनशॉट नव्हे, साउंडबॉक्स किंवा बँकेची नोंद पाहावी. सकाळी दुकान उघडल्यावर आपला क्यूआर कोड एकदा स्वतः स्कॅन करून नाव तपासावे. रात्रीतून कोणी वर दुसरा स्टिकर चिकटवू शकतो.

खाते भाड्याने: "तुमच्या खात्यात पैसे येतील, काढून द्या, कमिशन घ्या" असे कोणी म्हणाले तर साफ नकार द्यावा, मग तो नातेवाईक का असेना. ते फसवणुकीचे पैसे असले तर खाते गोठते आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. आपल्या तरुण मुलांना हे घरात बसवून सांगायला हवे. धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात घ्यावेत आणि बिले जपून ठेवावीत. कधी चुकून खाते अडकलेच, तर माल विकल्याचा पुरावा हाच आधार असतो, आणि घरखर्चाचे खाते तरी मोकळे राहते.

पैसे गेलेच तर

लाज वाटून गप्प बसू नये. लगेच १९३० वर फोन करावा, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. बँकेलाही कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. पैसे पुढच्या खात्यात अडवता येतील की नाही, हे पहिल्या काही तासांवर ठरते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा येत नाही. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. म्हणून दोन्ही बाबतीत घाई करणे आपल्याच फायद्याचे.

गिऱ्हाइकाची माहिती ही अमानत

आपल्या फोनमध्ये शेकडो घरांचे नंबर आणि पत्ते असतात. बुटीक किंवा मेहंदीच्या कामात बायका-मुलींचे फोटो आणि मापेही असतात. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो स्टेटसला टाकू नये, ग्रुपमध्ये नंबर जोडू नये, यादी दुसऱ्या दुकानदाराला देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आलाच आहे. पण त्याआधीही आपल्याकडे भरवशावरच गिऱ्हाईक टिकत होते.

सुरुवात या क्रमाने करा

पहिल्या दिवशी ईमेल आणि व्हॉट्सॲपला टू-स्टेप लावा, बॅकअप कोड कागदावर लिहा. पहिल्या आठवड्यात धंद्याचा नंबर वेगळा करून कॅटलॉग भरा आणि गुगल प्रोफाइल आपल्या नावावर आहे ना ते तपासा. महिनाभर "कुठून कळलं?" ही खूण वहीत करा. त्यानंतरच पैशाच्या जाहिरातीचा विचार करा. हे सगळे घरातल्या आणखी एका माणसाला, बेगमला, मुलीला किंवा भावाला दाखवून ठेवा. आपण आजारी पडलो किंवा हजला गेलो, तरी दुकानाचे कुलूप उघडणारे कोणीतरी घरात हवे.