पावसाचा दिवस आणि गोणी

आपल्या पूर्वजांविषयी लिहायचे तर कागदांची कमतरता नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची दप्तरे जपून ठेवली आहेत. त्यांत आपल्या खापरपणज्याचा नंबर सापडतो, जहाज सापडते, नशीब असेल तर गावाचे नावही सापडते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ पोर्ट लुईला लागले, पुढे साडेचार लाखांहून अधिक माणसे या बेटावर उतरली, आणि मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे आपले लोक होते, हे या स्मरणिकेत इतरांनी लिहिले असेलच. मला लिहायचे आहे ते दप्तरात नसलेल्या एका दिवसाविषयी. धो धो पाऊस लागून उसाच्या मळ्यातले काम बंद पडे, त्या दिवसाविषयी.

मालकाच्या हिशेबात दिवस दोनच प्रकारचे होते, हजेरीचे आणि गैरहजेरीचे. एक दिवस चुकला की दोन दिवसांचा पगार कापायचा, ही ‘डबल कट’ची पद्धत. करार संपलेल्या जुन्या मजुराचीही सुटका नव्हती. पासाशिवाय रस्त्यावर दिसला तर त्याला भटक्या म्हणून धरत. याच जाचाविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या मदतीने ९,४०१ जणांनी गव्हर्नरकडे अर्ज केला आणि पुढल्या वर्षी चौकशीला रॉयल कमिशन नेमले गेले. म्हणजे आमच्या माणसांना रिकामटेकडे ठरवणे तेव्हा सरकारच्या हाती होते. पण ज्या घरात मी वाढले, त्या घरात पावसाच्या दिवशी रिकामे हात मी कधी पाहिले नाहीत.

इथला पाऊसही उलटा. कोकणात आषाढ-श्रावणात झड लागते, तर इथे पौष, माघ, फाल्गुन हे पावसाचे आणि तुफानांचे महिने. गणपती येतात तेव्हा मळ्यात ऊसतोडणी चालू असते. गावाकडे पाऊस म्हणजे भातलावणी, धावपळ. इथे तोडणी आटोपलेली, काम कमी, मजुरी कमी आणि घराला गळती.

अशा दिवशी पहिली बाहेर निघे ती गोणी. भारतातून तांदूळ गोणपाटात येई. तांदूळ संपला की पोते घरचे. क्रेओलमध्येही त्याला ‘गोनी’च म्हणतात, हे मला फार वर्षांनी जाणवले, लहानपणी ते मराठी की क्रेओल असा प्रश्नच पडला नव्हता. गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की डोक्यापासून पाठीपर्यंत खोळ होई. कोकणात जे काम इरले करी तेच ती करी. बायका ती कमरेला बांधून मळ्यात जात, म्हणजे उसाच्या धारदार पात्यांनी साडी फाटत नसे. फाटलेल्या गोण्या आजी पावसाच्या दिवशी दाभणाने सांधायची आणि फार जीर्ण झालेल्या उसवून त्यांची सुतळी गुंडाळून ठेवायची. खाली गोणपाट, वर जुन्या साड्यांचे थर, आणि कडेकडून आत येणारा धावदोरा, अशी आमची गोधडी. शेजारची क्रेओल बाई चिंध्यांचे चौकोन जोडून ‘तापी मांद्यां’ शिवायची. दोघी एकमेकींच्या चिंध्या बदलून घेत. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ येईनासा झाला, तेव्हा मका आणि मनिओक खाऊन दिवस काढले आणि पिठाच्या पिशव्यांचे सदरे शिवले, हे आजी सांगायची. सदऱ्याच्या पाठीवरची छापील अक्षरे किती धुतली तरी जात नसत, असेही ती हसत म्हणे.

पुरुषांकडे वाक्वाचे काम असे. वाक्वा म्हणजे आपल्या केवड्याचाच भाऊबंद; वाक्वा शहराचे नाव या झाडावरूनच पडले. एकोणिसाव्या शतकात इथली साखर परदेशी जाई ती याच पानांच्या पिशव्यांतून. पान कापायचे, कडेचे काटे आणि मधली शीर काढायची, उन्हात वाळवायचे, मग पट्ट्या पाडायच्या. उन्हाचे काम उन्हात उरकलेले असे; विणायचे मात्र पावसात, कारण कोरड्या हवेत पट्टी चिरते आणि दमट हवेत नरम राहते. आजा भिंतीला पाठ टेकून ‘तांत’ विणायचा, बाजाराची दोन कानांची टोपली. मधूनच उठून छपराचा गळका भाग पाहायचा. छप्पर उसाच्या पाचटाचे, भिंती शेणामातीच्या. नारळाच्या हिरांचा खराटा मुलांनी बांधायचा. गुळगुळीत झालेल्या ‘रॉस कारी’ला, म्हणजे पाट्याला, टाकी लावायची तीही तेव्हाच, तिची टकटक मला छपरावरच्या पावसापेक्षा जास्त आठवते. संध्याकाळी कुणीतरी पोथी काढी.

या वस्तूंचे दुःख असे की त्या वापरून संपवण्यासाठीच केलेल्या होत्या. म्हणून संग्रहालयात ठेवायला फारसे काही उरले नाही. उरले असते तेही १९६० सालाने नेले. जानेवारीत ‘अलिक्स’ आणि २८ फेब्रुवारीला ‘कॅरोल’ अशी दोन तुफाने लागोपाठ आली. आमचे छप्पर गेले, गोधड्या चिखलात गेल्या. नंतर सिमेंटची घरे आली. गळती थांबली, आणि पाचट बदलण्यासाठी शेजारी जमणेही थांबले. आजीला सिमेंटचे घर आवडले होते, हे मात्र लिहिले पाहिजे. जुन्या घराचे गोडवे आम्ही गातो. ती कधी गात नसे.

आजाने विणलेली एक तांत माझ्याकडे आहे. तिचा तळ गेला आहे. १ जानेवारी २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा मी ती माळ्यावरून काढली आणि तळाला गोणपाटाचे ठिगळ लावले. दाभण आजीचेच. बाहेर पाऊस होता.