नोयोरी, रिओजी

नोयोरी, रिओजी : (३ सप्टेंबर १९३८). जपानी कार्बनी रसायनशास्त्रज्ञ. काइरल धातुसंयुगे वापरून घडवल्या जाणाऱ्या असममित हायड्रोजनीकरणाच्या संशोधनासाठी त्यांना २००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाचा अर्धा भाग ते आणि अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीचे विल्यम नोल्स यांच्यात विभागला गेला. उरलेला अर्धा भाग असममित ऑक्सिडीकरणासाठी बॅरी शार्पलेस यांना देण्यात आला.

नोयोरी यांचा जन्म कोबे शहराच्या परिसरात झाला. वडील एका रासायनिक कंपनीत संशोधन विभागाचे प्रमुख होते. वयाच्या बाराव्या वर्षी वडिलांबरोबर ते नायलॉनविषयीच्या एका जाहीर व्याख्यानाला गेले. कोळसा, पाणी आणि हवा यांपासून धागा बनतो हे तिथे ऐकल्यावर रसायनशास्त्राची ओढ लागली, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. पुढे १९९८ मध्ये त्यांच्या गटाने नायलॉनच्याच कच्च्या मालाची, अॅडिपिक अम्लाची, नवी कृती दिली. प्रचलित कृतीत नायट्रिक अम्ल लागते आणि नायट्रस ऑक्साइड हवेत जातो. नोयोरींच्या कृतीत सायक्लोहेक्झीनवर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रिया होते आणि मागे उरते ते पाणी.

शिक्षण क्योतो विद्यापीठात झाले. तिथेच हितोसी नोझाकी यांच्या हाताखाली अध्यापन करत असताना त्यांनी १९६७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९६८ मध्ये ते नागोया विद्यापीठात गेले आणि १९७२ मध्ये तिथे प्राध्यापक झाले. मधल्या काळात, १९६९-७० मध्ये, हार्वर्डला ई. जे. कोरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. शार्पलेस यांची ओळख हार्वर्डमधलीच.

प्रश्न काय होता : अनेक कार्बनी रेणू दोन रूपांत असतात. डावा आणि उजवा हात जसे एकमेकांचे प्रतिबिंब असूनही एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, तसेच या दोन रूपांचे असते; अशा रेणूंना काइरल म्हणतात. उकळणबिंदू, घनता, विद्राव्यता सारे सारखेच. पण शरीरातील प्रथिने आणि नाकातील ग्राही त्यांच्यात फरक करतात. कार्व्होन या रेणूच्या एका रूपाला स्पिअरमिंटचा वास येतो, तर दुसरे रूप बाळंतशोपात असते आणि त्याचा वास अगदी वेगळा. प्रयोगशाळेतील साध्या संश्लेषणातून दोन्ही रूपे निम्मी निम्मी मिळतात. औषध किंवा सुगंधी द्रव्य बनवायचे तर निम्मा माल वेगळा काढावा लागतो आणि बहुतेक वेळा फुकट जातो. हवे तेच रूप घडवणारा उत्प्रेरक मिळाला, तर त्याच्या अत्यल्प मात्रेतून उपयुक्त रूपाचे कितीतरी रेणू तयार होतात.

क्योतोत १९६६ मध्ये नोझाकी, नोयोरी आणि सहकाऱ्यांनी तांब्याच्या काइरल संयुगाने स्टायरीनवर डायअॅझोअॅसिटेटची क्रिया घडवली. दोन रूपांच्या टक्केवारीतील फरक दहापेक्षाही कमी भरला. व्यवहारात याचा काही उपयोग नव्हता. पण द्रावणात विरघळणारे काइरल धातुसंयुग प्रतिबिंबरूपांत निवड करू शकते, हे सिद्ध झाले. नंतर सुमितोमो कंपनीत अरातानी यांनी हीच कल्पना सुधारून सिलास्टॅटिन या औषधाच्या उत्पादनापर्यंत नेली. नोयोरींच्या कारकिर्दीतील ही सर्वात कमी गुणांची पण सर्वात दूरगामी क्रिया म्हणावी लागेल.

बायनॅप : नोयोरींचे नाव ज्या रेणूशी कायमचे जोडले गेले, तो बायनॅप. दोन नॅफ्थॅलीन वलये एका बंधाने जोडलेली, आणि प्रत्येकीवर एक फॉस्फरस. जागेच्या दाटीमुळे वलये त्या बंधाभोवती मोकळी फिरू शकत नाहीत, एकमेकींशी कोनात अडकून राहतात. रेणूची काइरलता या पिळातून येते. दोन फॉस्फरस धातूला चिमटीत धरतात आणि त्यांवरील फिनाइल गट धातूभोवतीच्या जागेचे असे कोपरे पाडतात, की येणारा रेणू एकाच बाजूने बसू शकतो.

कल्पना सुबक, पण हाती येईना. नोयोरी आणि हिदेमासा ताकाया यांनी १९७४ मध्ये कामाला सुरुवात केली. शुद्ध काइरल रूपात बायनॅप भरवशाने मिळवण्यातच काही वर्षे गेली. मग ऱ्होडियमबरोबर वापरताना परिस्थिती थोडी बदलली की निष्कर्ष बदलत. १९८० मध्ये शोधनिबंध आला, तेव्हा अमिनो अम्लांच्या संश्लेषणात जवळजवळ १०० टक्के निवड साधली होती. सहा वर्षे एका लिगँडमागे, म्हणजे धातूला धरणाऱ्या रेणूमागे, घालवणारा तरुण प्राध्यापक आजच्या अनुदानसमित्यांसमोर किती टिकला असता, ही शंका मनात येतेच. ताकाया १९९५ मध्ये वारले. बायनॅपच्या श्रेयात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि नोयोरींनी तो वारंवार सांगितला आहे.

मेंथॉल : बायनॅपची कीर्ती कारखान्यात झाली ती मेंथॉलमुळे. पानाच्या दुकानातील पिपरमिंट, डोकेदुखीचा बाम, खोकल्याच्या गोळ्या यांतला थंडावा त्याचाच. मेंथॉलमध्ये तीन काइरल कार्बन असल्याने त्याची आठ रूपे संभवतात. पुदिन्यात असते त्याच रूपाला खरी किंमत. ताकासागो कंपनीने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू केलेली कृती अशी : टर्पेंटाइनपासून मिळणाऱ्या मायर्सीनवर डायएथिल अमाइन जोडून डायएथिल जेरॅनिल अमाइन करायचे. ऱ्होडियम-बायनॅप त्यातील हायड्रोजन एका जागेवरून दुसरीकडे सरकवतो आणि दुहेरी बंधाची जागा बदलते. नवा काइरल कार्बन याच टप्प्यावर जन्मतो. अम्लाने तोडले की सिट्रोनेलाल मिळते, ९६ ते ९९ टक्के एकरूप. सिट्रोनेलाच्या तेलातील नैसर्गिक सिट्रोनेलालही इतके शुद्ध नसते; ते ८० टक्क्यांच्या आसपास थांबते. मग झिंक ब्रोमाइडने वलय बंद करून आयसोप्युलेगॉल आणि शेवटी साधे हायड्रोजनीकरण करून मेंथॉल. पहिला काइरल कार्बन नीट बसला की उरलेले दोन वलय बंद होताना आपोआप जागच्या जागी बसतात.

हे काम नोयोरींचे एकट्याचे नव्हे. ओसाका विद्यापीठातील सेई ओत्सुका, ताकाया आणि ताकासागोचे अकुतागावा यांचा त्यात बरोबरीचा सहभाग होता. नोबेल समितीने गौरव केला हायड्रोजनीकरणाचा; पण मेंथॉलच्या कृतीतला कळीचा टप्पा हायड्रोजनीकरण नाही, तो हायड्रोजनच्या स्थलांतराचा आहे. नोयोरींच्या लोकप्रिय परिचयांत हा फरक बहुधा पुसला जातो.

रुथेनियम : ऱ्होडियमच्या जागी रुथेनियम आणल्यावर, १९८६ च्या सुमारास, बायनॅपचा आवाका एकदम वाढला. ऱ्होडियमला जी संयुगे जमत नव्हती ती आता जमू लागली. वेदनाशामक नॅप्रॉक्सेन ९७ टक्के फरकाने मिळाले. कीटोनांवर मात्र रुथेनियमचे कार्बॉक्सिलेट संयुग चालेना. कार्बॉक्सिलेटच्या जागी क्लोरीनसारखा हॅलोजन घालताच तेच संयुग बीटा-कीटो एस्टरवर झपाट्याने काम करू लागले. कार्बापेनेम प्रतिजैविकांचा मध्यस्थ आणि लेव्होफ्लॉक्सॅसिनसाठी लागणारा प्रोपेनडायऑल ताकासागोने याच मार्गाने बनवला.

साध्या कीटोनांत धातूला पकडायला दुसरा गट नसतो, त्यामुळे ते अवघड. १९९५ मध्ये ओकुमा, इकारिया आणि हाशिगुची यांच्यासह नोयोरींनी त्यावर तोड काढली. रुथेनियमवर डायअमाइन बसवले. धातूवरचा हायड्रोजन कार्बनवर जातो आणि नायट्रोजनवरचा हायड्रोजन ऑक्सिजनवर, दोन्ही एकाच वेळी. कीटोन धातूला चिकटतसुद्धा नाही. धातूचे काम धातू करतो आणि लिगँड फक्त भोवती उभा असतो, हा जुना समज इथे मोडला. अशा एका उत्प्रेरकाच्या २.२ मिलिग्रॅम मात्रेने ६०१ ग्रॅम अॅसिटोफिनोनचे ४८ तासांत अल्कोहोल केले. उत्प्रेरकाच्या दर रेणूमागे सुमारे २४ लाख रेणू झाले. त्या प्रयोगात दोन रूपांतील फरक ८० टक्केच होता, पण लिगँड बदलून इतर प्रयोगांत तो ९९ पर्यंत गेला.

इतर कार्य : प्रोस्टाग्लँडिनांचे त्रिघटकी संश्लेषण. अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडमधील हायड्रोजनीकरण. काइरल प्रवर्धनाचा १९८६ नंतरचा अभ्यास जास्त कुतूहलाचा आहे : बेन्झाल्डिहाइडवर डायएथिल झिंकच्या क्रियेत १५ टक्केच एकरूप असलेले काइरल अमिनो-अल्कोहोल वापरले तरी उत्पाद ९५ टक्के एकरूप येतो, कारण दोन विरुद्ध रूपे जोडी करून निष्क्रिय होतात आणि उरलेली जास्तीची रूपे काम करतात.

नोयोरी २००३ ते २०१५ या काळात रिकेन या जपानी संशोधनसंस्थेचे अध्यक्ष होते. त्याआधी १९९५ मध्ये जपान अकादमी पारितोषिक आणि २००० मध्ये ऑर्डर ऑफ कल्चर हा सन्मान त्यांना मिळाला. २००१ मध्ये रसायनशास्त्राचे वुल्फ पारितोषिकही त्यांना मिळाले, तेव्हा सहमानकरी होते शार्पलेस आणि फ्रान्सचे आंरी कागां. नोबेलच्या यादीत त्याच वर्षी कागां यांच्या जागी नोल्स आले. दोन-फॉस्फरस लिगँडांची वाट १९७१ मध्ये कागां यांच्या डायॉप या लिगँडने दाखवली होती, त्यामुळे या निवडीविषयीची चर्चा रसायनशास्त्रज्ञांत नंतरही चालू राहिली.