वेसाव्याचा किल्ला आणि ६३ नंबरचा सेक्टर

२०१९ चा जुलै. मासेमारी बंदीचे दिवस, त्यामुळे मढला राहणाऱ्या माझ्या मित्राच्या वडिलांना वेळ होता आणि शनिवार म्हणून मलाही. पाऊस धो धो पडत होता, म्हणून वेसाव्याच्या फेरीबोटीचा नाद सोडला आणि मालाडहून २७१ पकडली. सॅकमध्ये २४० जीबीची नवीकोरी एसएसडी.

काकांचा पीसी २००९ चा, एक्सपीवाला. खाऱ्या हवेनं मदरबोर्ड गेला होता. नवा बोर्ड बसवून झाला होता, पण जुनी २५० जीबीची हार्डडिस्क शाबूत होती आणि तिच्यात दहा वर्षांचा हिशेब: डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल. बॅकअप आहे का विचारलं, तर म्हणाले, "तू हायेस ना!"

मी आधी आळशी मार्ग धरला. जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन केली. नव्या बोर्डावर एक्सपी चालू होईना, आणि ते अपेक्षितच होतं. मग म्हटलं, विंडोज १० नव्यानं टाकू. पेनड्राइव्ह लावला, एसएसडी निवडली आणि इन्स्टॉलरनं सांगितलं की या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय मशीनवर फक्त जीपीटी डिस्क चालते.

उपाय तोंडपाठ होता. कमांड प्रॉम्प्ट, डिस्कपार्ट, डिस्क निवडा, क्लीन. यादीत दोन डिस्क दिसल्या, एक २३२ जीबी, एक २२३. मी ० टाइप केलं, "क्लीन" लिहिलं, बोट एंटरवर. इतक्यात मागून काकांनी विचारलं, "कुठली पुसतोस रे?"

२३२ वाली, म्हणजे जुनी!

त्याहून वाईट म्हणजे, ती पुसली असती तरी एरर तसाच राहिला असता, कारण तो एसएसडीचा होता. मग मी वैतागून दुसरी डिस्कही पुसली असती. म्हणजे अस्सलही गेली असती आणि क्लोनही. दहा वर्षं, दोन एंटर.

हा एमबीआर नावाचा प्राणी एवढा चिवट का, ते घरी येऊन नीट वाचलं. तर आता थोडा इतिहास. (कंटाळा येणाऱ्यांनी चहा घेऊन यावं.)

१९८३ मध्ये आयबीएमनं पीसी एक्सटी काढला. त्यात १० एमबीची हार्डडिस्क होती आणि सोबत डॉस २.०. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सगळा संसार मांडला गेला: सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, मग १६ बाइटांची एक अशा चार पार्टिशनच्या नोंदी आणि शेवटी २ बाइटांची सही. हाच एमबीआर. सेक्टरचा नंबर लिहायला ३२ बिट ठेवले होते, म्हणून ५१२ बाइटांच्या सेक्टरच्या हिशेबानं मर्यादा आली २ टीबीची. १० एमबीच्या काळात ही दूरदृष्टीच म्हणायची.

त्या काळात डिस्कवरचा पत्ता सिलिंडर, हेड, सेक्टर असा दिला जायचा, कारण आत खरोखरच चकत्या आणि हेड होते. बायोसमध्ये सेक्टरला ६ बिट मिळाले आणि मोजणी १ पासून, म्हणजे एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ६३ सेक्टर. पहिला ट्रॅक एमबीआरसाठी सोडायचा आणि पार्टिशन पुढच्या ट्रॅकपासून सुरू करायचं, असा रिवाज पडला. ० पासून मोजलं तर ६३ नंबरच्या सेक्टरपासून.

पुढे डिस्क मोठ्या झाल्या आणि खोटं बोलणं सुरू झालं. आत दोन-चार हेड असलेली डिस्क बायोसच्या भाषेत २५५ हेडची झाली. ट्रॅकवर ६३ च्या कितीतरी पट सेक्टर मावू लागले, तरी वर सांगताना ६३ च. एक्सपीपर्यंत हा ६३ टिकला. व्हिस्टापासून पार्टिशन १ एमबीवर, म्हणजे २०४८ नंबरच्या सेक्टरपासून सुरू होऊ लागलं.

एसएसडीत तर चकती नाही, हेड नाही, ट्रॅक नाही. आत आहे नँड फ्लॅश, तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून १९८० च्या दशकात आलेली मेमरी. ती काही केबीच्या पानांमध्ये लिहिली जाते आणि पुसताना मात्र अनेक पानांचा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. ६३ सेक्टर म्हणजे ३२,२५६ बाइट. याला ४,०९६ नं भाग जात नाही. त्यामुळे ६३ पासून सुरू होणाऱ्या पार्टिशनवर ४ केबीचा एक तुकडा लिहिताना दोन पानांना हात लागू शकतो. माझ्या क्लोननं नेमकं हेच केलं होतं. नसलेल्या ट्रॅकची हद्द एसएसडीवर आणून ठेवली होती!

ईएफआयची सुरुवात इंटेलनं १९९० च्या दशकात इटॅनियमसाठी केली, २००५ मध्ये त्यासाठी यूईएफआय फोरम झाला. त्याच्यासोबत जीपीटी आलं: ६४ बिटांचे पत्ते, साधारणपणे १२८ नोंदी, आणि टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. पण गंमत म्हणजे जीपीटी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्येही एक नावापुरता एमबीआर असतोच. कशासाठी? जुन्या टूलला डिस्क रिकामी वाटू नये आणि त्यानं ती पुसू नये म्हणून.

हे वाचताना मला माझं एंटरवरचं बोट आठवलं. ज्यांनी जीपीटी लिहिलं त्यांनी माझ्यासारखे लोक पाहिले असणार :-)

त्या दिवशी मात्र इतिहास सुचला नाही. मशीन बंद केलं, जुन्या डिस्कची केबल काढली, डिस्क काकांच्या हातात दिली. त्यांनी ती टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली. मग यादीत एकच डिस्क उरली. ती पुसली, अर्ध्या तासात विंडोज चढलं. हिशेब एसएसडीवर आणला, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक माझ्या लॅपटॉपवर. तेव्हापासून इन्स्टॉल करताना मी दुसऱ्या डिस्कची केबल आधी काढतो. कितीही तोंडपाठ असलं तरी.

संध्याकाळी पाऊस थांबला. शाकारून ठेवलेल्या होड्यांमधून काकांनी किल्ल्याच्या बाजूला फिरवून आणलं. पोर्तुगीजांचा किल्ला, १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. आता वायुदलाच्या ताब्यात, म्हणून बाहेरूनच बघायचा. इतिहासात याचं नाव वेसाव्याचा किल्ला, आणि वेसावे खाडीच्या पलीकडे.

काकांना विचारलं, तुमच्या गावच्या किल्ल्याला नाव त्यांचं कसं?

"नाव काय, पडलं ते पडलं," काका म्हणाले. "आपल्याला ठाव हाय ना किल्ला कुठं हाय, बस."

असो. तुमच्याकडे कुणाचा दहा वर्षांचा हिशेब एकाच डिस्कवर पडला असेल, तर या वीकेंडला त्याची एक प्रत काढाच.